कारागृहातून मुक्तता आणि निवाऱ्याचा प्रश्न : भिवंडीच्या संदर्भात

प्रस्तावना :
बंदीजनांचे समाजात पुनर्वसन व्हावे, हा विचार न्या. ए. एन. मुल्ला समितीने (१९८०-८३) आग्रहाने मांडला. तथापि मुक्ततेनंतर पहिल्या रात्री राहावयाचे कोठे, हा प्रश्न दुर्लक्षितच राहिला आहे. भिवंडीसारख्या श्रमिकांच्या शहरात त्याचे स्वरूप विशेष तीव्र आहे.

भिवंडीतील स्थिती :
भिवंडीतील यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा येथून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. अनेकदा एकच खोली पाळीनुसार वापरली जाते. दिवसपाळीचे कामगार मागावर असताना रातपाळीचे तेथे झोपतात. अशा कामगाराच्या नावे भाडेकरार सहसा नसतो. त्यामुळे अटकेबरोबरच काम व झोपण्याची जागा दोन्ही हातून जातात.

कायदा आणि पत्ता :
स्थानिक जामीनदाराचाच आग्रह धरणे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम खटल्यात (१९७८) अमान्य केले. केंद्र शासनाच्या गरीब कैदी साहाय्य योजनेत (२०२३) जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, तर दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद करण्यात आली होती. मात्र ही मदत कारागृहाच्या दारापाशीच संपते. जामिनावर सुटलेल्यास निश्चित पत्ता नसेल, तर न्यायालयाची सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. गैरहजेरीमुळे वॉरंट निघते व तो पुन्हा कारागृहात जातो. शिवाय १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यातील व्याख्या इतकी व्यापक आहे की, उपजीविकेच्या साधनाविना भटकणारी व्यक्तीही तीत येऊ शकते.

उपलब्ध मार्ग :
औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्थापन केलेल्या स्वतंत्रपूर वसाहतीत बंदी कुटुंबासह राहू लागले. निवारा हा सुधारणेचा पाया आहे, हे तेथे प्रत्यक्षात आले. परंतु ती व्यवस्था शिक्षेच्या काळापुरती आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून बंदीजनांच्या पुनर्वसनाचे कार्य करीत आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या २०१३ च्या सूचनांनुसार एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० बेघरांसाठी निवारा अपेक्षित होता. २०११ च्या जनगणनेनुसार भिवंडीची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. या प्रमाणात सुमारे ७०० जणांची सोय आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
महापालिकेच्या निवाऱ्यात मुक्त बंदीजनांसाठी काही जागा राखून ठेवणे, त्यांचे वाटप मुक्ततेपूर्वीच कारागृहात निश्चित करणे आणि तोच पत्ता न्यायालयाने ग्राह्य धरणे, या तीन गोष्टी एकत्र झाल्यास पुनर्वसनास आरंभ होऊ शकेल. नवीन काम मिळून खोलीचे भाडे भरता येईपर्यंतचे काही आठवडे हाच या साहाय्याचा खरा कालावधी होय.