मृत्युपत्रात गावाचे नाव

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो या छोट्या गावात रोनाल्ड रीड नावाचे गृहस्थ राहत. आधी पेट्रोल पंपावर आणि पुढे एका दुकानात साफसफाईचे काम करण्यात त्यांचे आयुष्य गेले. २०१४ साली वयाच्या ९२व्या वर्षी ते वारले आणि त्यांचे मृत्युपत्र पाहून सारा गाव चक्रावला. फाटक्या कोटाला सेफ्टी पिना लावून दिवस काढणाऱ्या या माणसाने वर्षानुवर्षे शेअर घेऊन, ते सांभाळून, सुमारे ८० लाख डॉलरची पुंजी केली होती. त्यातले ४८ लाख डॉलर त्यांनी ब्रॅटलबरो मेमोरियल हॉस्पिटलला आणि १२ लाख डॉलर गावच्या ब्रूक्स मेमोरियल लायब्ररीला ठेवले. एवढा पैसा साठला कसा, याचीच चर्चा वर्तमानपत्रांनी अधिक केली. तो गेला कुठे आणि तिथेच का, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. याच हॉस्पिटलच्या उपाहारगृहात रीड नाश्त्याला जात आणि याच वाचनालयातून पुस्तके नेत. ते वाचनालयही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज ब्रूक्स यांच्या देणगीतून उभे राहिलेले. एका देणगीच्या सावलीत वाढलेल्या माणसाने दुसरी देणगी ठेवली. स्थानिक दानाचे मर्म मला इथे दिसते. ज्या जागेशी आयुष्याचा हिशेब जडला, तिच्याशी तो पुरा करण्याची ओढ माणसाला असते. आणि ती रक्कम विश्वासाने हाती घेणारी संस्था तिथे असेल, तरच त्या ओढीचे दान होते.

ही ओढ अमेरिकेत जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८९ साली मृत्युपत्राला पुरवणी जोडली आणि बॉस्टन व फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १००० पौंड ठेवले. पहिली त्यांची जन्मभूमी, दुसरी कर्मभूमी. उमेदवारी पुरी केलेल्या, पंचविशीच्या आतल्या विवाहित कारागिरांना या पैशातून ५ टक्के व्याजाने कर्ज द्यायचे आणि दोनशे वर्षे तो फिरता ठेवायचा, अशी त्यांची योजना होती. कारणही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले: बॉस्टनच्या मोफत शाळेत आपल्याला अक्षरओळख झाली आणि फिलाडेल्फियात दोन मित्रांनी उसन्या दिलेल्या पैशावर आपला धंदा उभा राहिला. उसने पैसे केव्हाच फिटले होते, उपकार मात्र फिटला नव्हता आणि ते मित्रही हयात नव्हते. म्हणून तो उपकार एकेकाळच्या आपल्यासारख्याच परिस्थितीतल्या पुढच्या पोरांवर करायचा. १९९० साली मुदत संपली, तेव्हा बॉस्टनच्या निधीत सुमारे ५० लाख आणि फिलाडेल्फियाच्या निधीत २० लाखांहून अधिक डॉलर होते.

पण या हिशेबात केवळ उपकारच येतात असे नाही, हे ओसिओला मकार्टी यांच्या देणगीवरून कळते. मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्गमध्ये या कृष्णवर्णीय बाईंनी आयुष्यभर लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केले. घरच्या आजारपणामुळे त्यांची शाळा सहावीत सुटली होती. म्हातारपणी बँकेतल्या माणसाने त्यांच्यापुढे दहा सेंटची दहा नाणी मांडली आणि प्रत्येक नाणे म्हणजे पुंजीचा दहावा हिस्सा समजून वाटणी करायला सांगितले. एक नाणे चर्चला, तीन नात्यातल्या माणसांना आणि उरलेली सहा गावातल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न मिसिसिपीला. १९९५ साली जाहीर झालेली ही देणगी दीड लाख डॉलरची होती, गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी. त्या विद्यापीठाचे त्यांच्यावर ऋण म्हणावे, तर काहीच नव्हते. त्यांच्या तरुणपणी त्याचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. आपल्याला जे मिळाले नाही, ते याच गावातल्या पुढच्या मुलांना मिळावे, ही त्यांची इच्छा होती. फ्रँकलिन मिळाल्याची परतफेड करतात, मकार्टी न मिळाल्याची भरपाई करतात. दोघांचाही हिशेब ज्या गावात आयुष्य घडले त्याच्याशीच आहे.

टेक्सास टेक विद्यापीठातले रसेल जेम्स यांचे संशोधन याला दुजोरा देते. त्यांनी आणि मायकेल ओबॉइल यांनी, मृत्युपत्रातून दान देण्याचा विचार करणाऱ्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. नेहमीच्या देणगीचा विचार करताना दिसतो त्याहून वेगळा व्यापार इथे दिसला: स्वतःचे गतायुष्य डोळ्यांसमोर आणताना मेंदूचे जे भाग जागे होतात, ते इथे अधिक जागे झाले. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठी इमारत रचू नये. तरी दिशा स्पष्ट आहे. महिन्याची वर्गणी देताना माणूस समोरची गरज पाहतो. मृत्युपत्र करताना तो आपले आयुष्य पाहतो. आणि आयुष्य म्हटले की शाळा, दवाखाना, वाचनालय, प्रार्थनास्थळ ही ठिकाणे आलीच.

नुसती ओढ मात्र पुरत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात, मृत्युपत्र करायला आलेल्यांना काहीच विचारले नाही तेव्हा जेमतेम ५ टक्के लोकांनी दान ठेवले. ‘एखाद्या संस्थेला काही ठेवायचे आहे का?’ एवढे विचारताच प्रमाण दुप्पट झाले आणि जिव्हाळ्याच्या कार्याची आठवण करून दिल्यावर ते तिपटीवर गेले. इच्छा मनात होतीच, विचारणारे कोणी नव्हते. ओढ दानापर्यंत पोचण्यात आणखी एक अडचण असते आणि क्लीव्हलँडचे बँकर फ्रेडरिक गॉफ यांनी ती हेरली. दात्याच्या मृत्यूनंतर काळ बदलतो आणि त्याच्या कडक अटींखाली पैसा अडकून पडतो, हे त्यांना दिसत होते. म्हणून १९१४ साली त्यांनी क्लीव्हलँड फाउंडेशन स्थापन केले. निधी बँकांनी सांभाळायचा, वाटप शहरातल्या नागरिकांच्या समितीने करायचे आणि एखादा हेतू कालबाह्य झाला तर तो बदलण्याचा अधिकार समितीला. आज अमेरिकेत अशी शेकडो कम्युनिटी फाउंडेशने आहेत. २०२३ साली त्या देशात सुमारे ५५७ अब्ज डॉलरचे दान झाले, त्यातले जवळपास ८ टक्के मृत्युपत्रांतून आले.

यावर पहिला आक्षेप कराचा. सरकारला देण्यापेक्षा गावाला दिलेले बरे, एवढाच यामागे विचार असतो, असे म्हणतात. रीड यांच्याएवढ्या पुंजीबाबत ही शंका घेता येईल. पण १९९५ साली ६ लाख डॉलरपर्यंतच्या वारशाला संघराज्याचा कर नव्हता आणि मकार्टी त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हत्या. २०२४ साली हीच मर्यादा १ कोटी ३६ लाखांवर गेली. बहुतेक दात्यांना या कराची बचत शून्य असते. दुसरा आक्षेप, मूलबाळ नसलेलेच असे दान करतात. त्यांच्यात हे प्रमाण खूप जास्त आहे, हे खरे. पण त्यातून एवढेच कळते की देण्याची मोकळीक कोणाला असते. पैसा गावातच का ठेवला जातो, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: स्थानिक दान श्रीमंत गावांना आणखी श्रीमंत करते आणि आपल्या-परक्याची भिंत उंच करते. फिलाडेल्फियाचे स्टीफन जिरार्ड १८३१ साली वारले. त्यांनी ठेवलेल्या प्रचंड संपत्तीतून गरीब, अनाथ मुलांची शाळा निघाली, पण अट होती ती मुले गोरी असण्याची. ही भिंत पडायला १९६८ साल उजाडले, तेही मोर्चे आणि खटल्यांनंतर. बेरिल बक या बाईंनी १९७५ साली आपली संपत्ती कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीसाठी ठेवली. त्यात तेल कंपनीचे शेअर होते. ती कंपनी १९७९ साली शेलने विकत घेतली आणि निधीची किंमत २५ कोटी डॉलरपलीकडे गेली. सॅन फ्रान्सिस्को फाउंडेशनने शेजारच्या गरजू भागांतही हा पैसा वापरू द्यावा अशी मागणी केली. ती काही मान्य झाली नाही आणि १९८६ साली पैसा संपन्न मरिनमध्येच राहिला. दोन्ही दाखले दुखरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांतला दोष अटीच्या अरुंदपणाचा आहे, गावावरच्या मायेचा नाही. गॉफ यांची योजना याच दोषावरचा उपाय होती.

शिवाय जवळचे प्रेम लांबच्या माणसाला विसरायला लावते, हेही खरे नाही. याचा पुरावा महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या. १८८७च्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि बालविधवांसाठी त्यांनी योजलेल्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे त्याने ठरवले. हा पैसा गावोगावच्या छोट्या मंडळांतून वर्गणीने जमला आणि त्यावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले. त्याच वर्षी आलेल्या आपल्या अमेरिकेवरील पुस्तकात रमाबाईंनी तिथल्या धर्मपंथांचे आणि परोपकारी कार्यांचे वर्णन मराठी वाचकांसाठी केले. आपल्या गल्लीतल्या कामासाठी एकत्र येण्याची सवय लागलेल्या बायकांनीच सातासमुद्रापलीकडच्या बालविधवांसाठी पैसे उभे केले.

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न आता उभा आहे. १९७८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थांमधून त्यांनी मायभूमीतल्या कामांना हात दिला, तो देत राहावाच. पण ज्या गावात तीस-चाळीस वर्षे संसार झाला, ज्या सरकारी शाळेत मुले शिकली, ज्या वाचनालयात ती वाढली, त्या गावाशीही एक हिशेब आहे. तो पुरा करायला कोट्यधीश असावे लागत नाही. आयआरएसारख्या निवृत्तिखात्याच्या लाभार्थी फॉर्मवर वाचनालयाच्या नावे पाच टक्के लिहिले तरी पुरते, आणि वारसांना ज्या रकमेवर प्राप्तिकर भरावा लागला असता ती संस्थेला पूर्ण मिळते. एवढेच करावे की हेतू रुंद ठेवावा आणि मुलांना हयातीतच सांगून टाकावे. फ्रँकलिन यांनी जन्मभूमी आणि कर्मभूमी यांतून एक निवडली नाही, दोघींना सारखे दिले. स्थलांतरितांसाठी याहून चांगला पायंडा अमेरिकेत नाही.