वाट नसलेला डोंगर : चढण्याआधी उतरण शिकू या



कार्तिक सरत आला की भाताची झोडणी उरकते, पेंढा रचून होतो आणि बाईमाणसाला एखादा मोकळा दिवस सापडतो. त्या दिवशी आम्ही पाच-सहाजणी डोंगराला जातो. सरपणाला नाही, गवताला नाही, तर नुसतं माथ्यावर जायला. डोक्यावर मोळी नसताना डोंगर कसा दिसतो, ते एकदा बघण्यासारखं आहे. घरी विचारतात, “वर काय ठेवलंय?” वर काही ठेवलेलं नाही. पण आपल्या शिवाराच्या पलीकडे किती डोंगर आहेत, आपल्या ओढ्याचं पाणी कुठून येतं, हे वरूनच कळतं.

कळसूबाईचं शिखर आपल्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच, १६४६ मीटर. तिथे मळलेली वाट आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, नवरात्रात तर रांग लागते. पण त्याच रांगेत आणि साऱ्या सह्याद्रीत अशी कितीतरी शिखरं आहेत, जिथे वाटच नाही. कारवी हातांनी बाजूला सारत, गवतातून पाय काढत जावं लागतं. आज अशा बिनवाटेच्या डोंगराविषयी बोलू या. हल्ली बचत गटातल्या बायकांनाही पाहुण्यांना डोंगरावर न्यायचं काम मिळू लागलंय. आपल्या भरवशावर कुणाची तरी लेक वर चढते, म्हणून हे नीट माहीत हवं.

पहिली गोष्ट हंगामाची. दिवाळीनंतर पाऊस थांबलेला असतो, कातळावरचं शेवाळ वाळलेलं असतं, हवा स्वच्छ असते. हे चांगलं. पण गवत कमरेच्या वर गेलेलं असतं आणि त्याच्याखाली दगड आहे की खड्डा, ते दिसत नाही. वरचे झरे आटायला लागलेले असतात, म्हणून प्रत्येकीने निदान तीन लिटर पाणी खालूनच घ्यायचं. आणि दिवस लहान असतो. कार्तिक-मार्गशीर्षात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पूर्वेच्या उतारावर तर चार-साडेचारलाच सावली पडते. माथ्यावर पायथ्यापेक्षा पाच-सहा अंश गारवा जास्त असतो, त्यात वारा. घाम आलेल्या अंगाला तो लगेच बाधतो.

आता मुख्य मुद्दा. वाट नसताना चढणं सोपं असतं, उतरणं अवघड. ते का, हे समजून घ्या.

डोंगराच्या सोंडा बोटांसारख्या असतात आणि माथा तळहातासारखा. कुठल्याही बोटावरून वर निघालात तरी तळहातावरच पोचता. चढताना सगळ्या सोंडा एकत्र येतात, त्यामुळे थोडं चुकलं तरी माथा सापडतो. उतरताना उलटं होतं. माथ्यावरून दहा दिशांना दहा सोंडा फुटतात. वर दहा पावलांचा फरक पडला की खाली गाव बदलतं, नाहीतर समोर कडा येतो.

हा कडा का येतो? आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांचा बनलाय. एकावर एक भाकरी रचावी तसे थर. काही थर टणक, त्यांचे उभे कडे झाले. काही मऊ, त्यांचे उतार नाहीतर सपाट पट्टे झाले. खालून बघताना प्रत्येक कडा दिसतो. वरून उतरताना समोर फक्त गवताची कड दिसते आणि त्यापुढे एकदम हवा.

म्हणून वाट चुकल्यावर ओढा धरून खाली जाऊ नका. “पाणी गावाकडेच जातं” असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण पावसाळ्यात जिथून धबधबा पडतो, तिथून पाणी खाली जाऊ शकतं, माणूस नाही. कोरड्या ओढ्यातून माणूस घसरत एखादा टप्पा उतरतो, पुढे उभा कडा लागतो, आणि मागचा टप्पा पुन्हा चढता येत नाही.

गुरांची वाट हा दुसरा चकवा. गवतात ती अगदी मळलेल्या वाटेसारखी दिसते. पण गुरांना माथ्यावर जायचं नसतं, त्यांना चारा आणि पाणी हवं असतं. ती वाट डोंगराला आडवी आडवी जाते आणि मध्येच फुटून विरून जाते. माणसाच्या वाटेवर कारवीची जुनी तुटकी टोकं दिसतात, कातळावर पाय घासल्याची खूण असते, अवघड जागी खोबण्या असतात. असं काही नसेल तर थांबून विचार करायचा.

म्हणून उतरण्याची तयारी चढतानाच करायची. आमची पद्धत अशी. एकीकडे फक्त खुणांचं काम. वळण आलं, सोंड बदलली, कारवीतून बाहेर पडलो की ती तीन-चार दगडांची लगोरी रचते. दगड नसतील तिथे जुन्या लाल साडीची चिंधी कारवीला बांधते. उतरताना त्याच चिंध्या सोडून आणायच्या. शेवटची चिंधी हातात आली की सगळ्या खुणा पाळल्या गेल्या, हे कळतं. आणि प्रत्येक खुणेपाशी सगळ्याजणींनी मागे वळून बघायचं. डोंगर चढताना वेगळा दिसतो, उतरताना वेगळा. उतरताना जे दिसणार आहे, ते आधीच डोळ्यांत भरून घ्यायचं.

दुसरा नियम वेळेचा. पहाटे निघायचं आणि दुपारी एक वाजला की जिथे असू तिथून परत फिरायचं. माथा दहा मिनिटांवर असला तरी. डोंगर कुठे जात नाही. ही वेळ घरून निघतानाच ठरवायची, कारण वर गेल्यावर “आता एवढं आलोच आहोत” असं प्रत्येकीलाच वाटतं.

तिसरा नियम सोबतीचा. चारजणींपेक्षा कमी असलो तर जायचं नाही. एखादीचा पाय मुरगळला तर एक तिच्याजवळ बसेल आणि दोघी मदतीला खाली जातील. सगळ्यात हळू चालणारी पुढे, म्हणजे तिच्या चालीने सगळ्या चालतात. शेवटची बाई ठरलेली, तिच्या मागे कुणी राहायचं नाही. कारवीत एकमेकींत दोन-तीन हात अंतर ठेवा, नाहीतर पुढचीने सोडलेली काठी मागचीच्या डोळ्याला लागते. घसाऱ्यावर एका वेळी एकच, कारण सुटलेला दगड खालचीच्या डोक्यावर येतो.

कारवीचा आधार घेतानाही बघून घ्या. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलून बी धरलं की वाळून मरते. आपण तिच्याच काठ्यांचे कूड बांधतो, त्यामुळे ती भरवशाची वाटते. पण मुळापाशी कुजलेली काठी धरली तर ती तुमच्यासकट खाली येते. आधी हलवून बघायची, मग भार द्यायचा.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. शेतात जाताना साडीवर घालतो तोच चालेल. काष्टा किंवा सलवार, पायात बूट. कुसळं, गोचीड आणि खाजकुइली, तिन्हींपासून बचाव होतो. खाजकुइलीच्या शेंगा याच दिवसांत वाळतात; लव अंगाला लागली तर चोळू नका, चोळलं की ती पसरते. हातात काठी हवी. गवतात पुढे काठी आपटत जायचं, आणि न बघता दगडाच्या खोबणीत हात घालायचा नाही. तिथे फुरसं असतं, गवतात घोणस. साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो हात किंवा पाय हलू न देता बाईला उचलून खाली आणायचं, १०८ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर धूर नको, आरडाओरडा नको, अंगाला अत्तर नको.

घरी आल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप आला आणि अंगावर काळी खपली दिसली, तर “मी डोंगरात गवतातून फिरले होते” असं डॉक्टरांना आवर्जून सांगा. गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. वेळेत ओळखला तर गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततं.

आणि एवढं करूनही वाट चुकलीच तर? थांबा. बसा, पाणी प्या, गूळ खा. मग शेवटची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत परत वर चढा. दमलेल्या पायांना वर जाणं जिवावर येतं, पण बऱ्याचदा वाचण्याचा मार्ग वरच असतो. अंधार पडला तर सगळ्यांनी एका जागी, कड्यापासून दूर, एकमेकींना बिलगून बसायचं आणि उजाडल्यावरच हलायचं. वर मोबाइलला रेंज असते तिथून ११२ला कळवा. कुठून चढणार, कुठून उतरणार आणि किती वाजता परतणार, हे गावात कुणाला तरी सांगून गेलेलं असलं, तर शोधायला येणारे योग्य सोंडेवर येतात.

शेवटचं, वन विभागाचं. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात वाट सोडून जायचं तर आधी वनरक्षकांना विचारा. आणि वर चूल पेटवू नका. या दिवसांत गवत वाळायला लागतं, एका ठिणगीने सारा डोंगर जातो. भाकरी-चटणी घरूनच बांधून न्या.

येत्या बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या गावामागच्या डोंगराचं चित्र जमिनीवर रांगोळीने काढावं. सोंडा किती, ओढे किती, कडे कुठे, गुरांच्या वाटा कुठल्या. रानात गुरं वळलेल्या म्हाताऱ्या बायकांना आधी विचारा. त्यांना हे सगळं पाठ असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं.