दीड तोळा शिसं

स्मिथ अँड वेसन कंपनीने .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर जाहीर केलं ते १९५५ सरता सरता, आणि बाजारात ते दिसू लागलं १९५६ मध्ये. पण कारखान्याच्या कागदोपत्री जन्मतारखेला फारसा अर्थ नाही. त्याआधी तीसेक वर्षं अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात काही हौशी मंडळी आपापल्या घरी शिसं वितळवून, साच्यात ओतून, जुन्या पुंगळ्या पुन्हा भरून हेच काडतूस जवळजवळ तयार करून बसली होती. त्यांचा म्होरक्या एल्मर कीथ. १८९९ मध्ये मिझुरीत जन्मलेला, लहानपणी मोंटानातल्या आगीत होरपळून डावा हात वाकडा झालेला, पुढे ओरेगन आणि आयडाहोत गुरं पाळणारा, शिकाऱ्यांचा वाटाड्या म्हणून राबणारा माणूस. डोक्यावर भली मोठी काउबॉय टोपी, तोंडात सिगार. लिहायचाही भरपूर, आणि स्वतःविषयी लिहिताना त्याचा हात आखडता नसे.

हॉलिवूडने १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’मध्ये क्लिंट ईस्टवुडच्या हाती हेच रिव्हॉल्व्हर दिलं आणि .४४ मॅग्नम म्हणजे निव्वळ ताकद हे समीकरण जगभर पक्कं झालं. माझं मत वेगळं आहे. कीथचं खरं काम ताकदीचं नव्हतंच. ते होतं गोळीच्या आकाराचं, मापाचं आणि धातूचं. ताकद ही दारूच्या डब्यात कुणालाही विकत मिळते.

आधी वजनाचा हिशेब सांगतो, कारण तो आपल्याला परका नाही. अमेरिकेत गोळी आणि दारू दोन्ही ग्रेनमध्ये मोजतात. इंग्रजी अमदानीत आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवला गेला, म्हणजे मासा झाला पंधरा ग्रेनचा. कीथची नावाजलेली गोळी २५० ग्रेनची, म्हणजे एक तोळा आणि पावणेपाच माशांच्या आसपास. आज मोठ्या जनावरांसाठी रिव्हॉल्व्हरमध्ये वापरतात ती ३०० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळा आठ मासे भरते. रिव्हॉल्व्हरच्या मानाने हे वजन दांडगं आहे. पोलिसांच्या हातातल्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साधारण ११५ ते १२४ ग्रेनची, जेमतेम आठ मासे.

आता .४४ या आकड्याची गंमत. या गोळीचा व्यास .४४ इंच नाहीच, तो आहे .४२९ इंच, सुमारे १०.९ मिलिमीटर. जुन्या .४४ काडतुसात गोळी पुंगळीच्या बाहेरच्या मापाएवढीच जाड असे आणि तिची फक्त शेपटी आत बसे. वंगण उघड्यावर राही आणि त्याला धूळ चिकटे. १८७० च्या दशकात रशियाच्या सैन्याने स्मिथ अँड वेसनकडे मोठी मागणी नोंदवली, तेव्हा वंगणासकट गोळीचा तो भाग पुंगळीच्या आत घ्यायला लावला. व्यास घटला, नाव तेच राहिलं. त्या .४४ रशियनची पुंगळी लांबवून १९०७ मध्ये .४४ स्पेशल आलं, आणि तीच आणखी अष्टमांश इंच लांबवून .४४ मॅग्नम. ही शेवटची लांबी दारू मावावी म्हणून नव्हती. नवं काडतूस जुन्या, कमजोर रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये म्हणून होती. स्पेशलच्या दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला १५,५०० पौंड आणि मॅग्नमची ३६,०००. चुकून अदलाबदल झाली असती तर हातातच स्फोट.

कीथला त्याचा अनुभव होता. विशीत त्याच्याकडे .४५ कोल्ट होतं. रायफलसाठी असलेल्या जड गोळ्या मापात आणून तो त्यात भरत असे, आणि एकदा सिलिंडरचा वरचा भागच उडून गेला. .४५ ची पुंगळी जाड, त्यामुळे सिलिंडरमध्ये तिच्याभोवती उरणारी पोलादाची भिंत पातळ. .४४ स्पेशलच्या भोवती पोलाद जास्त उरतं. एवढ्या साध्या कारणाने तो .४४ कडे वळला आणि आयुष्यभर तिथेच राहिला. १९२९ मध्ये ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात त्याने आपल्या खास घडवून घेतलेल्या .४४ स्पेशलवर लेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं ‘द लास्ट वर्ड’. शेवटचा शब्द! पुढे पन्नास वर्षं तो त्याच विषयावर लिहीत राहिला.

त्याची गोळी हा या साऱ्याचा गाभा. आयडियल कंपनीच्या, पुढे लायमनच्या, यादीत तिच्या साच्याचा क्रमांक ४२९४२१. पहिले तीन आकडे व्यासाचे, बाकीचे नक्षीचे. तिचं नाक टोकदार नाही, रुंद आणि सपाट आहे. नाकामागे चौकोनी धारेचा खांदा, त्याच्या मागे सारख्या रुंदीचे तीन पट्टे आणि मध्ये वंगणासाठी खोल, चौकोनी खाच. प्रत्येक गोष्टीला कारण आहे. टोकदार किंवा गोल नाक मांस बाजूला सारत घुसतं आणि जखम मागे मिटत येते. सपाट नाक पुढ्यातलं सगळं ढकलत जातं आणि वाटेत वळतही नाही. पुढचा पट्टा गोळीला सिलिंडरच्या तोंडात सरळ धरून ठेवतो, म्हणून ती नळीत तिरकी शिरत नाही. खोल खाचेत पुरेसं वंगण मावतं. पुढे साचेवाल्यांनी खाच गोलसर केली, कारण गोल खाचेची गोळी साच्यातून चटकन सुटते. पट्ट्यांची रुंदीही बदलली. कीथ त्यावर शेवटपर्यंत कुरकुरत राहिला, आणि ती कुरकुर रास्त होती.

जड गोळीच का, याचं उत्तर जनावराच्या आकारात आहे. रायफलची गोळी प्रचंड वेगाने जाते, मऊ नाक फुलतं आणि त्यातून काम होतं. रिव्हॉल्व्हरला तो वेग कधीच गाठता येत नाही. कीथच्या डोळ्यापुढे होता सेकंदाला १२०० फुटांचा वेग. रायफलचा याच्या दुपटीहून अधिक असतो. एवढ्या वेगात फुलणारी गोळी एल्क किंवा अस्वलासारख्या अंगाच्या जनावरात अर्ध्या वाटेत थांबण्याचा धोका. न फुलणारी, जड, सपाट नाकाची गोळी मात्र हाड असो की जाड कातडं, आरपार जाते. व्यास मुळातच मोठा असल्याने फुलण्याची गरज उरत नाही.

धातूकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे आणि गैरसमजही तिथेच सर्वांत जास्त. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, ब्रिनेल मापाने त्याचा कठीणपणा जेमतेम ५. नळीच्या आतले आटे गोळीला पकडून फिरवतात. फार मऊ शिसं वेगात त्यांवरून घसरतं आणि नळीत थर चिकटवून ठेवतं. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. कथलामुळे रस पातळ होऊन साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात भरतो, अँटिमनीमुळे कठीणपणा येतो. लायमनच्या नामांकित मिश्रणात शिसं ९० भाग, बाकीचे दोघे पाच-पाच, कठीणपणा १५. सर्वांत कठीण स्वस्त माल मिळे तो मात्र वर्तमानपत्रांच्या छापखान्यातून.

लायनोटाइप यंत्रावर जो मजकूर ओळीओळीने ओतला जाई त्या धातूत ८४ भाग शिसं, १२ अँटिमनी आणि ४ कथील, कठीणपणा २२. आपल्याकडचे छपाईचे खिळे याच तीन धातूंचे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या देखण्या देवनागरी टायपांची मराठी वाचकाला वेगळी ओळख करून द्यायला नको; त्यांचं रसायन आणि आयडाहोतल्या गोळीचं रसायन एकाच घराण्यातलं. अँटिमनीयुक्त रस थंड होताना साध्या शिशापेक्षा कमी आकसतो, म्हणून अक्षराची धार जशी उतरते तशीच गोळीच्या पट्ट्याचीही. अमेरिकेत ऑफसेट छपाई आली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९७८ च्या जुलैत गरम धातूची छपाई थांबवली, आणि देशभरातलं टनावारी टाइपमेटल भंगारात निघालं. गोळ्या ओतणाऱ्यांची ती दिवाळी होती. नंतर त्यांचा भरवसा टायरच्या दुकानांतल्या चाकाच्या शिशाच्या वजनांवर होता. आता अनेक ठिकाणी तीही पोलादाची किंवा जस्ताची झाली आहेत, आणि जस्ताचा चुकार तुकडा भांड्यात वितळला तर सगळा घाणा बिघडतो.

आता गैरसमज. जितकी कठीण तितकी चांगली, असं समजून आज पुष्कळ जण लायनोटाइपइतक्या कठीण गोळ्या विकत घेतात आणि तरी नळीत शिसं चिकटलं म्हणून कपाळावर हात मारतात. दारू पेटली की तिच्या दाबाने गोळीचं बूड किंचित फुगून नळीला घट्ट बसायला हवं. गोळी फार कठीण आणि मापाने लहान असेल तर बूड फुगत नाही, गरम वायू फटीतून पुढे पळतात आणि गोळीची कड कापत, वितळवत जातात. तेच शिसं नळीला लागतं. तेव्हा आधी माप, मग कठीणपणा. गोळी सिलिंडरच्या तोंडात नेमकी बसणारी हवी आणि नळीच्या आट्यांपेक्षा किंचित जाड; .४४ साठी बहुतेक .४३० इंच. कीथ स्वतः सोळा भाग शिशाला एक भाग कथील घेई. ते मिश्रण आजच्या जाहिरातींतल्या ‘हार्ड कास्ट’ गोळीच्या निम्म्याइतकंच कठीण, आणि त्यावर त्याने आयुष्य काढलं. दाब फारच असेल तर बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच आहे. कीथने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

ओतकाम हे हाताच्या लयीचं काम. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, जास्त तापला तर पृष्ठभाग दंव पडल्यासारखा मळकट दिसतो. मळकटपणा चालतो, सुरकुती चालत नाही. साच्यात रस बुडाच्या बाजूने ओततात आणि वरचा गठ्ठा पट्टी फिरवून कापतात. तो कच्चा असताना घाईने कापला तर बुडाला खड्डा पडतो. नाकावरचा ओरखडा नेमबाजीत फारसा जाणवत नाही. बुडाचा दोष मात्र नेम हमखास बिघडवतो, कारण नळीतून सुटताना वायूचा शेवटचा धक्का बुडालाच बसतो. भांड्यात पाण्याचा थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेलं शिसं छतापर्यंत उडतं. धुराची भीती लोकांना जास्त वाटते, पण या तापमानाला शिशाची वाफ फार होत नाही. खरं विष असतं वितळलेल्या शिशावरच्या सायीच्या राखाडी भुकटीत आणि न धुतलेल्या हातात.

पुंगळी भरताना जुनी कॅप काढायची, फुगलेली पुंगळी मापात दाबायची, नवी कॅप, तोललेली दारू, गोळी, आणि शेवटी पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत वळवून आवळायचं. दारूचे आकडे मी मुद्दाम देत नाही. ते गोळी, पुंगळी आणि शस्त्र यांच्या जोडीनेच खरे असतात आणि उत्पादकांच्या छापील तक्त्यातच बघायचे असतात. शेवटच्या पायरीवर मात्र थांबावं लागेल. एक बार झाला की रिव्हॉल्व्हर मागे झटकतं, पण सिलिंडरमधल्या उरलेल्या गोळ्या जडत्वाने जागीच राहू पाहतात आणि पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी इतकी पुढे आली की सिलिंडर फिरतच नाही. गोळी जितकी जड, तितका हा धोका मोठा. समोर अस्वल असताना अडकलेलं रिव्हॉल्व्हर म्हणजे एक किलोचा धोंडा. म्हणून कीथच्या गोळीवर पुंगळी आवळण्याची खाच इतकी ठसठशीत आहे.

शस्त्रांनाही जड गोळी सोसवली नाही. देखणं स्मिथ अँड वेसन मॉडेल २९ कीथच्या २५० ग्रेनसाठी ठीक होतं. ३०० ग्रेनच्या भरगच्च काडतुसांचा मारा सुरू झाल्यावर त्याचे सांधे खिळखिळे होऊ लागले आणि कंपनीला अंतर्रचना सुधारावी लागली. बिल रुगरची ब्लॅकहॉक आणि १९७९ ची रेडहॉक दिसायला ओबडधोबड, पण मजबूत. मग चढाओढ सुरू झाली: डिक कसुलचं .४५४, आणि २००३ मध्ये खुद्द स्मिथ अँड वेसनचं .५००. यातली बरीचशी शर्यत मला माणसाच्या मनगटाशी केलेली मस्करी वाटते. कीथने मागितले होते १२०० फूट. रेमिंग्टनने बनवलेली पहिली काडतुसं त्याहून बरीच तेज निघाली, आणि अनुभवी भरणारे आज फिरून १२०० च्या आसपासच येऊन थांबतात.

कीथचं सगळंच मानावं असं नाही. दुसऱ्याच्या गोळीने जखमी झालेलं म्यूल डिअर जातीचं हरिण आपण सहाशे यार्डांवरून, म्हणजे साडेपाचशे मीटरवरून, रिव्हॉल्व्हरने पाडलं असं तो सांगे. घडलं असेलही. पण त्यात एकीपेक्षा जास्त गोळ्या गेल्या, आणि असा प्रयत्न शिकारीचा वस्तुपाठ म्हणून कुणी पुढे ठेवू नये. रिव्हॉल्व्हरने शिकार करणारे जबाबदार लोक शंभर मीटरच्या आत जातात, बहुधा त्याच्याही निम्म्यात.

आपल्याकडे हा छंद नाही आणि असूही शकत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र या छंदापुढचा प्रश्न निराळाच आहे: शिसं. कॅलिफोर्नियाचं काँडर गिधाड १९८२ मध्ये अवघं २२ उरलं होतं. शिकार झालेल्या जनावरांच्या टाकून दिलेल्या आतड्यांतून पोटात जाणारं शिसं हे त्याच्या मरणाचं मोठं कारण ठरलं. ओतीव जड गोळी रायफलच्या मऊ गोळीसारखी तुकडे तुकडे होत नाही, असं या मंडळींचं म्हणणं, आणि ते बव्हंशी खरं आहे. तरी शिसं ते शिसंच. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी वापरता येत नाही. पर्याय आहे तांब्याचा. पण शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची ९ च्या आत, त्यामुळे त्याच व्यासाची ३०० ग्रेनची तांब्याची गोळी सुमारे सव्वापट लांब होते. ती आतल्या बाजूला दारूची जागा खाते, नाहीतर बाहेरच्या बाजूने सिलिंडरच्या पुढे डोकावते. तांब्याच्या गोळ्या घ्यायच्या तर हलक्या घ्याव्या लागतात, आणि १०८५ अंशांना वितळणारं तांबं घरच्या शेगडीवर ओतता येत नाही.