ज्वालामुखीच्या काठावर पाच रात्री

पाहुण्याने किती दिवस राहावे याचे आडाखे आपल्याकडे केव्हाच ठरून गेले आहेत. तिसऱ्या दिवशीही जो हलत नाही, त्याची अक्कल निघते! पण समुद्रात अर्धवट बुडालेल्या ज्वालामुखीच्या काठावर किती दिवस राहावे, याला मात्र कोणाचा आधार सापडत नाही. ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटाचा बेत आमच्या घरी शिजू लागला, तेव्हा जायचे की नाही यावर दोन दिवस वाद झाला आणि राहायचे किती यावर दोन महिने.

सहलकंपन्यांच्या पत्रकांत या बेटाला दोन रात्री दिलेल्या असतात. आमच्या ह्यांना तेवढ्याही जास्त वाटत होत्या. बँकेतला माणूस, तिथल्या खोल्यांचे भाव पाहून त्यांनी कागदावर असा काही हिशेब मांडला, की बेट विकत घ्यायला निघालो आहोत की काय असे वाटावे. लेकीला ‘इया’ गावातला सूर्यास्त हवा होता, म्हणजे एक संध्याकाळ पुरे. अण्णा तेवढे काही बोलत नव्हते.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर. चौतीस वर्षे त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि दरवर्षी रंगीत खडूंनी फळ्यावर ज्वालामुखीचा छेद काढला. प्रत्यक्ष ज्वालामुखी मात्र कधी पाहिला नव्हता. गुडघे कुरकुरू लागले होते. डॉक्टर म्हणाले, “यंदा न्या. पुढच्या वर्षीचे मी सांगू शकत नाही.” त्यामुळे हिशेब मला वेगळ्याच बाजूने मांडावा लागला.

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून बोटीला पाच ते आठ तास लागतात. तो दिवस गेला. निघायचाही दिवस तसाच जातो. म्हणजे दोन रात्रींच्या मुक्कामात हाती उरतो एकच दिवस! त्यात अण्णांना एका दिवसात एकच ठिकाण झेपणार. शिवाय वारा. भर उन्हाळ्यात तिथे ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. एरवीही वारा फार झाला की बोटी बंदरातच थांबतात. तेव्हा एक दिवस वाऱ्याच्या नावाने सोडून द्यायचा. गोळाबेरीज पाच रात्री झाली.

पैशाचा प्रश्न सुटला तो खिडकीमुळे. तिथे सगळे भाव दृश्याचे असतात. खोलीतून ती प्रसिद्ध दरी दिसत असली तर एका रात्रीला जे मोजावे लागतात, तेवढ्यात आतल्या गावात दोन-तीन रात्री सहज निघतात. आम्ही फिरा या मुख्य गावापासून थोड्या अंतरावर कार्तेरादोसला उतरलो. दृश्य पाहायला बसने जायचे आणि झोपायला परत यायचे. झोपेत दृश्य लागते कोणाला?

ही मे २०२४ मधली गोष्ट. सुमारे छत्तीसशे वर्षांपूर्वी या बेटावर इतका भयंकर उद्रेक झाला, की मधला भाग खचून समुद्र आत शिरला. उरला तो चंद्रकोरीसारखा कडा, काही ठिकाणी तीनशे मीटर उंच, आणि त्याच्या माथ्यावर चुन्यासारखी पांढरी घरे. जुन्या बंदरापासून वर फिराला यायला जवळजवळ सहाशे पायऱ्या आहेत. खेचरे आहेत, आणि अण्णांसारख्यांसाठी दोरखंडावरचा पाळणाही आहे.

तिसऱ्या दिवशी वारा झाला. होडी निघाली नाही. ह्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की वारा मीच मागवला होता! तो दिवस आम्ही गावात काढला. मालकीणबाईंनी ‘फावा’ नावाचे पिवळे वरण केले, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचे तेल. अण्णांनी एक घास घेतला आणि म्हणाले, “ही तर आपल्या लाखेच्या डाळीची बहीण!” आणि खरोखरच ते दाणे त्याच कुळातले आहेत. टोमॅटोची भजीही होती. मळ्यात द्राक्षवेली मांडवावर नव्हत्या. वाऱ्यापासून जपण्यासाठी जमिनीवर टोपलीसारख्या वळवल्या होत्या, घड आत. दोन रात्रींच्या माणसाला हे दिसत नाही.

चौथ्या दिवशी होडी निघाली. दरीच्या मधोमध ‘नेआ कामेनी’ हे काळेकुट्ट बेट आहे. त्याचा शेवटचा उद्रेक १९५० सालचा. “मी दोन वर्षांचा होतो,” अण्णा म्हणाले. चढ सोपा नव्हता. दर वीस पावलांना थांबत, माझ्या खांद्यावर हात ठेवून ते वर आले. दगड हातात घेऊन म्हणाले, “हा आपला बेसाल्ट नव्हे. हा डेसाइट, घट्ट लाव्ह्याचा.” आपला दख्खनचा काळा दगडही लाव्ह्याचाच, पण सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी निवालेला. इथे फटींतून वाफ निघत होती. अण्णांनी तिच्यावर तळहात धरला, आरतीवर धरतात तसा, आणि बराच वेळ काढला नाही.

आक्रोतिरी शेवटच्या दिवसासाठी ठेवले होते. १९६७ पासून स्पिरिदोन मारिनातोस यांनी राखेखालून हे गाव वर काढायला सुरुवात केली. दोन-तीन मजली घरे, रस्त्याखालून सांडपाण्याची गटारे, ओळीने ठेवलेले रांजण. वर मोठे छप्पर आणि चालायला सपाट मार्ग, त्यामुळे अण्णांचे गुडघे तक्रार न करता फिरले. पाँपेईसारखी राखेत गाडली गेलेली माणसे इथे सापडली नाहीत. आधी भूकंप झाले, आणि लोक वेळीच निघाले असावेत. काही खाटा तर घराबाहेर रचून ठेवलेल्या मिळाल्या. त्या खाटांच्या साच्यांपुढे अण्णा थांबले. “आता राहायचे नाही, हे यांच्यात पहिल्यांदा कोण बोलले असेल?” त्यांनी विचारले. चौतीस वर्षे मुलांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मी काय उत्तर देणार!

इयाचा सूर्यास्तही पाहिला. सूर्यापेक्षा माणसांची डोकी जास्त दिसली.

पुढे २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्या भागात भूकंपाचे हजारो धक्के बसले. अकरा हजारांहून अधिक लोक बेट सोडून गेले. १९५६ च्या भूकंपात पन्नासहून अधिक माणसे गेली होती, ते तिथे कोणी विसरलेले नाही. आमच्या मालकीणबाई कुलूप लावून अथेन्सला बहिणीकडे गेल्या. महिनाभर अण्णा रोज सकाळी वर्तमानपत्राआधी धक्क्यांचे आकडे विचारत आणि वहीत उतरवून घेत. ईस्टरला बाई परतल्या. लेकीला त्यांनी छायाचित्र पाठवले: घर जागेवर होते, एका भिंतीला तडा गेला होता, आणि दारात चुन्याची बादली होती.