मोटारींतील गारवा आणि ऊब

वैशाखांतल्या भर दुपारीं वर्ध्याहून नागपुराकडे निघालेल्या मोटारींत गार वाऱ्याऐवजीं गरम झोत येऊं लागतो. मागच्या बैठकीवर वृद्ध आई आणि तान्हें मूल असतें. मालक वाटेंत दिसेल त्या गॅरेजपाशीं गाडी उभी करतो आणि म्हणतो, "गॅस संपला, भरून द्या." गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, आणि महिन्याभरानें तोच प्रसंग पुन्हां उभा राहतो. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशांतलाच हा उपचार होय. हा गॅस पेट्रोलप्रमाणें जळून खर्च होत नाहीं. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. वर्षानुवर्षांत तो थोडासा झिरपतो खरा. परंतु महिन्याभरांत कमी झाला, तर कोठें तरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बिघाड ओळखावयाचा तर यंत्राचें मर्म प्रथम ध्यानीं घ्यावयास हवें. मोटारींत थंडी तयार होत नाहीं. आंतील उष्णता उचलून बाहेर टाकली जाते. माठाच्या अंगावर पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातांना माठाची उष्णता आपल्याबरोबर नेतें. तोच न्याय येथें लागू आहे. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्यें द्रवरूप गॅस उकळतो आणि आंतील हवेची उष्णता शोषून घेतो. एंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवितो. पुढें रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरच्या जाळींत ती उष्णता बाहेरच्या वाऱ्यास देऊन तो पुन्हां द्रव होतो. ऊब मात्र निराळ्या वाटेनें येते. एंजिन थंड राखणारें कूलंट तापल्यावर हीटरच्या लहानशा जाळींतून फिरतें आणि पंखा तिच्यावरून वारा सोडतो.

अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९४० सालच्या आपल्या मोटारींत गारव्याचें यंत्र बसवून देण्यास आरंभ केला, तेव्हां कॉम्प्रेसर थांबविण्यासाठीं एंजिन बंद करून पट्टाच उतरवावा लागे. पुढें तें काम विजेच्या क्लचकडे आलें. अशा क्लचच्या गाडींत एंजिन चालू ठेवून ए.सी.चें बटण दाबतांच 'टक्' असा आवाज होतो. तो ऐकूं आला नाहीं, तर फ्यूज, रिले किंवा कमी पडलेला गॅस यांकडे प्रथम संशय न्यावा. कारण गॅसचा दाब फार उतरला असतां कॉम्प्रेसर बिघडूं नये म्हणून त्याला चालूंच दिलें जात नाहीं.

निदानाचा पहिला प्रश्न असा, कीं वारा पुरेसा येतो काय? वारा मंद असेल तर गॅसचा विचार दूर ठेवून हवेची गाळणी पाहावी. ती बहुधा सामानाच्या कप्प्यामागें असते आणि धुळीनें गच्च भरलेली आढळते. पंखा केवळ सर्वांत वेगवान टप्प्यावरच फिरत असेल, तर अनेक गाड्यांत त्याचा रेझिस्टर जळलेला असतो. आरंभीं उत्तम गारवा, तासाभरानें वारा कमी, आणि थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हां पूर्ववत्, हें कॉइलवर बर्फ धरल्याचें लक्षण होय.

वारा भरपूर आहे, पण गार नाहीं, तर दुसरा प्रश्न विचारावा: धांवत्या गाडींत गारवा आणि चौकांत उभें राहतांच उकाडा, असें घडतें काय? तसें असल्यास कंडेन्सरवरचा पंखा बंद पडला आहे, अथवा जाळी मातीनें व किड्यांनीं बुजली आहे. दोन्ही स्थितींत मात्र गारवा नसेल, तर नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग शोधावे. गॅसबरोबर तेलही फिरत असल्यानें गळतीची जागा तें सांगून जातें. गळती बुजवून, नळ्यांतील हवा व ओल पंपानें ओढून काढून, मग कंपनीनें नेमून दिलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. अधिक भरल्यानेंही गारवा घटतो.

उबेचा बिघाड मात्र अधिक जपून हाताळण्याजोगा आहे. महाबळेश्वरच्या थंडींत हीटर कोमट राहिला आणि एंजिनाचा कांटाही खालींच राहिला, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. त्यांत तांतडीचा धोका नाहीं. परंतु कांटा वर चढलेला आणि हीटर गार, असें घडल्यास कूलंट आटलें असण्याचा संभव मोठा. अशा वेळीं पुढें जाण्याचा मोह एंजिनाच्या जिवावर बेततो. गाडी थांबवावी; मात्र तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये, कारण दाबाखालचें उकळतें पाणी अंगावर उसळतें.

पायांखालचा गालिचा ओला झाला, तरी पाणी कसलें तें पाहावें. निवळ पाणी असल्यास कॉइलचें पाणी बाहेर नेणारी नळी बहुधा तुंबलेली असते. चिकट, गोडसर वासाचें असल्यास हीटरची जाळी फुटली समजावी. तें कूलंट विषारी असतें. मुलें व जनावरें यांना त्यापासून दूर ठेवावें.

पावसाळ्यांत खंडाळ्याच्या घाटांत काचा आंतून धुरकट होतात, तेव्हां या दोन्ही यंत्रांचें खरें मोल कळतें. गारवा आणि ऊब एकदमच चालू ठेवून वारा काचेवर सोडावा. थंड कॉइल हवेंतील ओल काढून घेतें, हीटर ती कोरडी हवा तापवितो, आणि थोड्याच वेळांत रस्ता स्वच्छ दिसूं लागतो. याकरितां पावसाळ्यापूर्वीं दोन्हींची परीक्षा करून घेणें ही चैन नसून सावधगिरी होय. गॅरेजांत गेल्यावर 'गॅस भरा' असें न सांगतां, वारा किती, गारवा केव्हां जातो आणि कांटा कोठें असतो, एवढें सांगणाऱ्या मालकाचें अर्धें काम तेथेंच झालेलें असतें.