सदोष माल परत घ्यावाच लागेल!

मुरूड तालुक्यातील एका बौद्धवाडीतल्या ताई गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आल्या. पिशवीत मिक्सर होता. अलिबागच्या बाजारात घेतलेला, चौथ्या दिवशी धूर सोडून बंद पडलेला. दुकानदाराने चिठ्ठीच्या तळाशी बोट ठेवले, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ताई निमूट परतल्या. आपल्याच हातून काही बिघडले असावे, असे त्यांना वाटत होते.

हा निमूटपणा कुठून आला? आमच्या आजी-आजोबांना दुकानाची पायरी चढता येत नव्हती. माल वरून टाकला जाई, पैसे लांब ठेवावे लागत. हात लागलेली वस्तू परत कोण घेणार? ती तर बाटलेली! महाडचे चवदार तळे याच जिल्ह्यातले. १९२७ च्या सत्याग्रहाला आपण दरवर्षी अभिवादन करतो. पण त्याच तळ्यासाठी बाबासाहेब पुढे दहा वर्षे कोर्टात लढले आणि १९३७ साली हायकोर्टात जिंकले, हे क्वचितच सांगतो. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी-तलावांच्याही आधी दुकानांचा उल्लेख आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे?

पायरी चढलो, बिल मागायला मात्र अजून लाजतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू आहे. सदोष माल परत न घेणे आणि बिलातील मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत पैसे न देणे, ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न देणे हीसुद्धा. छापील ओळीने कायदा रद्द होत नाही. मात्र रंग आवडला नाही, घरी जाऊन मन बदलले, एवढ्यावर पैसे मागण्याचा हक्क हा कायदा देत नाही, हेही बांधवांनी ध्यानात ठेवावे.

तक्रार अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करायची. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकीलही लागत नाही. आमच्या धंद्याच्या मुळावर येणारी गोष्ट आहे, तरी सांगतो. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा.

ताईंजवळ पक्के बिल नव्हते, कच्ची चिठ्ठी तेवढी होती. तीच जोडून आम्ही नोटीस पाठवली. बाराव्या दिवशी दुकानातून फोन आला. ताई एकट्याच गेल्या, नवा मिक्सर तिथेच चालवून पाहिला आणि पक्के बिल हातात पडेपर्यंत काउंटरवरून हलल्या नाहीत.