पन्नास हजार पौंड आणि परतीचा प्रवास

२०१० च्या एप्रिलमध्ये मी लंडनला ताईकडे मुक्कामाला होतो. नोकरीतून निवृत्त होऊन वर्षही झाले नव्हते. उभा जन्म दुसऱ्यांचे जमाखर्च तपासण्यात गेल्यामुळे कुठलाही छापील कागद हाती आला, की आधी आकडे पाहायचे आणि मग मजकूर वाचायचा, ही खोड अजून अंगातून गेली नव्हती. ताईचे घर बार्किंगला. लंडनच्या पूर्वेचा हा भाग. आपल्याकडून जाणारे प्रवासी तिकडे फारसे फिरकत नाहीत, कारण पाहण्यासारखे तिथे काही नाही. राहण्यासारखे मात्र आहे, किंवा होते.

एके सकाळी दारातल्या फटीतून एक पत्रक आत पडले. ताईने ते उचलले, चष्मा न लावताच ओळखले आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. दाजी म्हणाले, “आण इकडे. टाकायचंच असेल तर वाचून टाकू.”

पत्रक ब्रिटिश नॅशनल पार्टीचे होते. ६ मे रोजी निवडणूक होती आणि पक्षाचे पुढारी निक ग्रिफिन हे खुद्द बार्किंगमधूनच पार्लमेंटसाठी उभे होते.

या पक्षाची कुळकथा थोडक्यात सांगतो. १९६७ साली तिकडे नॅशनल फ्रंट नावाचा एक पक्ष निघाला. गोऱ्यांखेरीज इतरांनी मायदेशी परत जावे, हे त्याचे मुख्य मागणे. १९७९ मध्ये त्याने तीनशेतीन उमेदवार उभे केले आणि शेकडा दीड मतेसुद्धा मिळवली नाहीत. त्यातून फुटून निघालेल्या जॉन टिंडॉल यांनी १९८२ साली ही नवी पार्टी काढली. १९९९ मध्ये ग्रिफिन पुढारी झाले. त्यांनी बूट-जाकिटे काढून सूट-टाय चढवले आणि ‘सक्तीने परत पाठवू’च्या जागी ‘राजीखुशीने जाणाऱ्यांना मदत करू’ अशी भाषा सुरू केली. २००६ मध्ये बार्किंग आणि डॅगनमच्या कौन्सिलात त्यांचे बारा सभासद निवडून आले. २००९ मध्ये युरोपच्या पार्लमेंटात दोन गेले. त्या निवडणुकीत नऊ लाखांहून अधिक लोकांनी त्यांना मते दिली होती. नऊ लाख माणसे म्हणजे एक आख्खे शहर झाले की!

भाची शाळेत शिकवते. जन्म तिथलाच. ती संध्याकाळी आली आणि टेबलावरचे पत्रक पाहून भडकलीच.

“बाबा, हे घरात ठेवलंत कशाला?”

“अभ्यासाला.”

“यात अभ्यास करण्यासारखं काय आहे? ज्यांना आपण इथे नकोच आहोत, त्यांच्या धोरणांवर चर्चा करायची म्हणजे त्यांना मान देण्यासारखं आहे.”

दाजी १९७४ साली मिरजेहून डॉक्टरी करून तिकडे गेले. छत्तीस वर्षे त्यांनी याच वस्तीतल्या लोकांची नाडी पाहिली होती. ते शांतपणे म्हणाले, “अगं, माझ्या पेशंटांपैकी निम्मे यांना मत देणार आहेत. ते सगळे दुष्ट आहेत असं मी कसं म्हणू? पक्ष वाईट आहे, पण प्रश्न खोटे नाहीत.”

आणि मग त्यांनी मला बार्किंगची हकीकत सांगितली. पहिल्या महायुद्धानंतर लंडनच्या कौन्सिलाने इथे कामगारांसाठी बेकनट्री नावाची वसाहत बांधली. पंचवीस हजारांवर घरे, प्रत्येकाला मागेपुढे इवलीशी बाग. १९३१ मध्ये शेजारी डॅगनमला फोर्डचा मोटारींचा कारखाना सुरू झाला आणि पुढे तिथे चाळीस हजारांच्या घरात माणसे कामाला लागली. बाप कारखान्यात, मुलगा कारखान्यात, घर कौन्सिलचे. १९८० साली कायदा झाला की भाडेकरूंनी ही घरे सवलतीत विकत घ्यावीत. लोकांनी घेतली. त्यांच्या जागी नवी मात्र फारशी बांधली गेली नाहीत. २००२ मध्ये डॅगनमला मोटारी बनणे बंद झाले. लंडनमधली सर्वांत स्वस्त घरे इथे, म्हणून बाहेरचे लोक इथे येऊ लागले. २००१ च्या शिरगणतीत इथे गोरे ब्रिटिश शेकडा एक्याऐंशी होते. २०११ मध्ये ते पन्नासाच्या आत आले. दहा वर्षांत एवढा बदल!

“समोरचा म्हातारा फोर्डात पस्तीस वर्षं होता,” दाजी म्हणाले. “त्याच्या नातवाला घर मिळत नाही. त्याला कुणी सांगतं की ते आफ्रिकन लोकांनी नेलं. आणि दुसरं कुणी काही सांगायलाच येत नाही.”

ही गोष्ट मला फार लागली. तिथल्या मजूर पक्षाच्या खासदार मार्गारेट हॉज यांनी २००६ मध्ये जाहीरपणे म्हटले होते, की आपल्या मतदारसंघातल्या दर दहापैकी आठ गोऱ्या कुटुंबांना या पक्षाला मत द्यावेसे वाटते आहे. त्यावर गहजब झाला. पण म्हणणे काही कुणी खोडून काढले नाही.

“ठीक आहे,” मी म्हटले, “दुखणं खरं आहे असं धरू. आता औषध तपासू.” आणि पेन्सिल काढली.

पक्षाचे म्हणणे होते की नवे लोक येणे ताबडतोब थांबवावे, बेकायदा आलेल्यांना घालवून द्यावे, युरोपच्या संघातून बाहेर पडावे, परदेशांना दिली जाणारी मदत बंद करावी, आणि जे राजीखुशीने मूळ देशी जातील त्यांना पैसे द्यावेत. ग्रिफिन यांनी त्या निवडणुकीत आकडाही सांगितला होता: माणशी पन्नास हजार पौंडांपर्यंत. पैसे कुठून आणणार? परदेशी मदतीतून.

त्या वर्षी ब्रिटनची परदेशी मदत होती साडेआठ अब्ज पौंडांच्या आसपास. भागाकार करा. वर्षाला एक लाख सत्तर हजार माणसे. २००१ च्या शिरगणतीप्रमाणे ब्रिटनमध्ये गोरे नसलेले लोक शेहेचाळीस लाख. म्हणजे एकही मूल नव्याने जन्मले नाही असे धरले, तरी सत्तावीस वर्षे! एकदम द्यायचे म्हटले तर दोनशेतीस अब्ज पौंड. इंग्लंडच्या सबंध आरोग्यसेवेचा दोन वर्षांचा खर्चही त्यात भागून उरेल. शिवाय त्या आरोग्यसेवेत काम करणार कोण? तिथल्या नोंदवहीतल्या डॉक्टरांपैकी एकतृतीयांशाहून अधिक लोकांनी पदवी ब्रिटनबाहेर घेतलेली. दाजी त्यांतलेच एक.

ही कल्पना तशी नवीही नव्हती. १९७१ च्या कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमातच परत जाणाऱ्याला प्रवासखर्च देण्याची सोय होती. फार थोड्यांनी ती घेतली.

भाची म्हणाली, “मामा, आणखी एक आकडा लिही. काही वर्षांपूर्वी यांनी इथे पत्रकं वाटली होती, की कौन्सिल आफ्रिकन लोकांना बार्किंगमध्ये घर घ्यायला पन्नास हजार पौंड देतं. शुद्ध थाप! पण माझ्या वर्गातली पोरंसुद्धा ते बोलत होती.”

मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. यायला पन्नास हजार, जायला पन्नास हजार. जमेच्या बाजूला खोटी नोंद केली की तेवढीच खर्चाला दाखवावी लागते, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव!

एवढे झाल्यावर मी पेन्सिल ठेवली, तेव्हा दाजी माझ्याकडे पाहून हसले. “हिशेब झकास केलास. पण १९६६ साली दसऱ्याला शिवाजी पार्कवर कोण गेलं होतं रे?”

मी गेलो होतो. एकोणीस वर्षांचा होतो, नोकरी नव्हती, आणि ‘मार्मिक’मध्ये दर आठवड्याला कचेऱ्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत, त्या मी बोट ठेवून वाचत असे. तेव्हा भागाकार केल्याचे मला आठवत नाही. मुंबई आपलीच, आणि तरी आपण दारात उभे, हे दुःख खरे होते. ते आजही खोटे म्हणवत नाही. मद्राशी क्लार्काने माझी जागा नेली असे मला कुणी सांगितले होते आणि मला ते पटले होते. पुढे त्याच क्लार्कांपैकी एकाच्या हाताखाली मी टाळेबंद शिकलो. असो. भाचीला हे सगळे नवे होते. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, की मी उगीचच पाणी प्यायला उठलो.

वातावरण हलके करावे म्हणून दाजी म्हणाले, “खरं सांगू? मी घेतले असते हो पन्नास हजार. आपले पस्तीस लाख झाले! कोथरूडला फ्लॅट घेऊन ठेवलाच आहे. नाहीतरी जायचंच आहे. तिकिटाचे पैसे ग्रिफिनसाहेबांनी दिले तर नको का म्हणायचं?”

आणि या थट्टेत त्या धोरणाचे खरे वैगुण्य माझ्या ध्यानात आले. पैसे उचलणार कोण? जो आधीच जायला निघाला आहे तो! पेन्शन हाती असलेला, पुण्यात घर असलेला. ज्याचे इथे हातावर पोट आहे आणि तिकडे ओसरीसुद्धा नाही, तो कशाला जाईल? ज्यांच्यामुळे घरे मिळत नाहीत असे म्हणतात, ते राहणार तिथेच.

मी हे मोठ्या उत्साहाने सांगत होतो. मग लक्षात आले की ताई केव्हाची बोललेली नाही.

“जायचंच आहे, असं कुणी ठरवलं?” ती म्हणाली. “मला कुणी विचारलं?”

दाजी गप्प झाले. भाचीने पत्रकाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

६ मेच्या रात्री आम्ही टेलिव्हिजनपुढे पहाटेपर्यंत बसलो. मार्गारेट हॉज सोळा हजारांहून अधिक मताधिक्याने आल्या, ग्रिफिन तिसरे. कौन्सिलातले बाराच्या बारा सभासद गेले. देशभर तीनशेअडतीस उमेदवार, मते शेकडा दोनाच्या आत, जागा एकही नाही. २०१४ मध्ये ग्रिफिन युरोपातूनही गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या पक्षानेच त्यांना काढून टाकले.

पण पक्ष गेला म्हणजे त्याचे म्हणणेही गेले असे नव्हे. युरोपच्या संघातून बाहेर पडण्याची मागणी दुसऱ्या, अधिक सभ्य तोंडांनी उचलली. २०१६ मध्ये शेकडा बावन्न लोकांनी तिला होकार दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. त्यानंतर काय झाले? युरोपातून येणारे कमी झाले. पण दवाखान्यांना, वृद्धाश्रमांना, विद्यापीठांना माणसे हवीच होती. ती भारतातून, नायजेरियातून आली. जून २०२३ अखेरच्या वर्षात जाणारे वजा करून आलेल्यांचा आकडा नऊ लाखांच्या पुढे गेला. दाजींनी मला फोनवर हा आकडा सांगितला तेव्हा दोघेही बराच वेळ हसत होतो.

कोथरूडचा फ्लॅट त्यांनी २०१३ मध्येच विकला होता. खरेदीखतावर सही करायला ते एकटेच आले होते.